द्रोणांची चळत

इस्लापूरकडच्या लग्नात पंगत बसायच्या आधी आम्हा पोरांकडे एक काम असायचं: पळसाच्या पानांचे द्रोण मोजून ठेवायचे. सुटे टाकले तर ते ओसरीभर पसरत. एकात एक बसवत गेलं की त्यांची सरळ चळत होई आणि सगळ्या द्रोणांची तोंडं एकाच दिशेला येत. चेंडूंची अशी चळत लागत नाही. चेंडूला तोंडच नसतं.

कार्बनच्या पिंजऱ्यांविषयी वाचताना मला हे द्रोण हमखास आठवतात.

हा पिंजरा म्हणजे फुलरीन. कार्बनचे 60 अणू, 12 पंचकोन, 20 षटकोन, हुबेहूब फुटबॉल. एजी ओसावा यांनी 1970 मध्येच असा रेणू असू शकेल असं मांडलं होतं, पण जपानी भाषेत. बाहेरच्या जगाचं तिकडे लक्ष गेलं नाही. 1985 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना तो सापडला. 1990 मध्ये क्रॅचमर आणि हफमन यांनी हेलियम वायूत ग्रॅफाईटच्या कांड्या विजेनं तापवून काजळी धरली आणि त्या काजळीतून तो हाताळता येईल इतका काढला. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना नोबेल 1996 मध्ये मिळालं. शोधाची गोष्ट इथं संपते. मला ओढ आहे ती पुढच्या गोष्टीची: हे पिंजरे आपोआप एकमेकांशी कसे रचले जातात.

रसायनशास्त्राचा जुना अभिमान पक्क्या बंधांचा होता. अणूला अणू घट्ट जोडला की काम फत्ते. रेणू रेणूला नुसता ओळखतो, त्याच्याजवळ जाऊन बसतो, हा विचार हळूहळू आला. 1894 मध्ये एमिल फिशर यांनी त्यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली. 1987 मध्ये क्रॅम, लेन आणि पेडरसन यांना नोबेल मिळालं, तेव्हा या कच्च्या बंधांच्या रसायनाला मानाचं पान मिळालं. कच्चेपणा हेच इथलं बळ आहे. ज्वारी मापताना पायली हलवतात, कडेला थाप मारतात; अडकलेले दाणे सुटतात आणि नीट बसतात. दाणे खळीनं चिकटवलेले असते तर चुकीचा बसलेला दाणा तसाच राहिला असता. रेणूंना उष्णता अशीच सारखी हलवत असते. बंध कच्चा असल्यामुळे चुकलेला रेणू सुटतो आणि पुन्हा जागा शोधतो.

पण नुसत्या फुलरीनची एक अडचण होती. तो सगळ्या बाजूंनी सारखा. त्याची रचना होते ती संत्र्यांच्या राशीसारखी, आणि पाण्यात तर तो विरघळतच नाही. मग 1993 च्या सुमारास बिंगेल आणि प्रातो यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रिया आल्या आणि पिंजऱ्याला हवी ती शेपटी लावणं सोपं झालं. चेंडूला तोंड आलं ते इथं.

त्यानंतर जे घडलं ते सावकाश वाचण्यासारखं आहे. जपानमध्ये एइची नाकामुरा यांच्या गटानं पिंजऱ्याच्या एका पंचकोनाभोवती पाच रासायनिक गट हातांसारखे बसवले. त्या रेणूचा पोटॅशियम क्षार पाण्यात सोडला, तर सुमारे 12 हजार रेणू मिळून दुहेरी भिंतीचा पोकळ गोळा तयार होतो, हे 2001 मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी त्यांनी हे पाच हात लांबवले. रेणू शंकूसारखा झाला, एकाचं टोक दुसऱ्याच्या पोकळीत शिरलं, आणि खांब उभे राहिले. खांबातले सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून. थेट आमचे द्रोण! फरक एकच आणि तोच मोठा: द्रोण रचायला मी होतो, तिथं रचणारं कुणी नव्हतं.

जपानचेच दुसरे संशोधक ताकाशी नाकानिशी यांनी पिंजऱ्याला लांब तेलकट शेपट्या लावल्या. शेपटीला द्रावक एका तऱ्हेनं मानवतो, पिंजऱ्याला दुसऱ्या. त्यामुळे नुसता द्रावक बदलला की त्याच रेणूचे गोळे, तंतू, तबकड्या किंवा शंकू होतात. 2008 मध्ये त्यांनी अशाच रचनेतून एक खडबडीत पृष्ठभाग केला. अळूच्या पानावरून थेंब घरंगळतो, तसं पाणी त्यावर टिकत नाही.

मला यातून एक गोष्ट पटली आहे. अशा नानाविध रचना सारखेपणातून येत नाहीत. एकाच रेणूच्या दोन टोकांचे स्वभाव वेगळे असतात, म्हणून तो कुठं वळायचं ते ठरवू शकतो. हे ज्ञान आपल्यापासून फार दूरही नाही. फुलरीनच्या रचनांवर नाकानिशींसोबत 2010 मध्ये विस्तृत आढावा लिहिणारे सुकुमारन संतोष बाबू पुढं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले.

नववीच्या विज्ञानात कार्बनच्या धड्यात फुलरीनचं नाव आहे. आमच्या किनवट तालुक्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. फळ्यावर तो चेंडू काढाल तेव्हा टेबलावर पळसाचे दहा द्रोण आणि दहा चेंडू ठेवा, आणि पोरांना स्वतःच्या हातांनी चळत लावून बघू द्या.