मोठा आवाज कोणाचा?

अखंड हरिनाम सप्ताहाच्या मंडपात वीणा, मृदंग, टाळ आणि पेटी यांच्या शेजारी आता आणखी एक लहानशी पेटी येऊन बसली आहे. तिला मिक्सर म्हणतात. पिशवीत मावते, दुचाकीवरून गावोगावी जाते. नांदेडकडे जा की लातूरकडे, कीर्तनात कोणाचा आवाज किती ऐकू यावा हे आता या पेटीवरच्या बटणांवर ठरू लागले आहे. म्हणून हा प्रश्न नुसता यंत्राचा राहिला नाही, धर्माचा झाला आहे.

काही जुनी मंडळी म्हणतात, "ज्ञानोबा-तुकोबांच्या काळी माइक कुठं होता? कशाला पाहिजे हे थेर?" त्यांच्या बोलण्यात तळमळ आहे, पण ते पुरते खरे नाही. हार्मोनियम तरी आपली कुठे होती? ती युरोपातून आली. १९४० पासून पुढे कित्येक वर्षे आकाशवाणीने तिला आपल्या घरात घेतले नव्हते. भजनी मंडळींनी मात्र तिला जवळ केले, आणि आज तिला परकी कोण म्हणेल? साधन कोठून आले हे महत्त्वाचे नाही. ते नामाची सेवा करते, की नामाला आपली सेवा करायला लावते, हे पाहावे.

आता ही पेटी करते काय, ते पाहू. प्रत्येक माइकाची वायर आपापल्या खाच्यात जाते. प्रत्येकाला प्रथम गेन नावाचे बटण असते. माइकाकडून येणारा बारीक आवाज कामापुरता मोठा करायचा तो तेथेच. मग ज्याचा त्याचा आवाज कमीजास्त करायचा वेगळा खटका, आणि शेवटी सर्वांचा मिळून एक मुख्य खटका. जोडणी करताना सारी बटणे खाली असावीत. आधी मिक्सर सुरू करावा, अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी. बंद करताना अॅम्प्लिफायर आधी. नाही तर धाडकन आवाज होऊन स्पीकरला इजा पोचते. ४८ व्होल्टचे बटण कंडेन्सर जातीच्या माइकासाठी असते, हातात धरायच्या साध्या माइकाला त्याची गरज नाही. जनरेटरवर काम असेल तर अर्थिंग पाहून घ्यावे, नाही तर माइकाला ओठ लागताच झटका बसतो. आणि गेन ठरवताना नुसते "हॅलो, हॅलो" पुरत नाही. महाराजांनी चाल उंच लावली म्हणजे जो आवाज निघतो, त्यावर तो ठरवावा.

येथवर कारागिरी झाली. खरी परीक्षा कीर्तन रंगात आल्यावर होते. मागून टाळकरी म्हणतो, "आमचा आवाज येईना बगा." मुलगा त्याचा माइक वाढवतो. मग मृदंग दबतो, तोही वाढतो. मग महाराज खूण करतात. सगळेच वर जातात आणि शेवटी कर्णा शिट्टी मारतो. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकात शिरतो, फिरून मोठा होऊन बाहेर पडतो, त्याचीच ती शिट्टी. जाणता साउंडवाला असे करत नाही. एकाचा आवाज येत नसेल, तर तो आधी दुसऱ्या कोणाचा जास्त झाला आहे ते पाहतो आणि त्याला थोडा खाली घेतो. दबलेला आवाज आपोआप वर येतो.

आम्हांला वाटते, वारकरी धर्माचे वर्म यातच आहे. आपल्यात भेट झाली म्हणजे दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. कोण मोठा, हा वाद तेथेच मिटतो. आपले कीर्तन एकट्याचे गाणे नव्हे. महाराज चरण म्हणतात, टाळकरी धृपद धरतात, तेव्हा ते उभे राहते. एकाच माइकाला सारी शक्ती देऊन मागच्या वीस गळ्यांना मुके केले, तर कीर्तन ऐकू येईल, पण दिंडी हरवेल. इको लावून एकदा घेतलेले नाम चारदा वाजवता येते, पण ते चारदा घेतले असे होत नाही.

दुसरी गोष्ट मंडपाबाहेरची. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माउलीला शब्द कळावा म्हणून आवाज वाढवणे ही दया आहे. पण गल्लीत कोणी तापाने फणफणला असेल, कोणाचे पोर परीक्षेला बसायचे असेल, त्याच्यावरची दया कोणी करावी? भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हा रात्रीचा निर्बंध बजावून सांगितला. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकते, पण ते १५ हून जास्त नाहीत. आपली सप्ताहातली कीर्तने बहुधा रात्री नऊला सुरू होऊन अकरापर्यंत चालतात, आणि काकडा तर पहाटेचा. म्हणजे अडचण खरी आहे.

"देवाच्या कामाला कसला कायदा?" असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू, कायदा नसता तरी भूतदया होतीच ना? ज्याला ऐकायचे आहे तो मंडपात येतो. ज्याला झोपायचे आहे त्याच्या उशाशी कर्णा नेऊन त्याला नामाची गोडी लागत नाही, उलट नामाचाच कंटाळा येतो. ते पाप कोणाच्या पदरी?

तेव्हा सप्ताह कमिट्यांनी इतके करावे. कीर्तन तासभर आधी लावावे. स्पीकर मंडपाच्या आत, श्रोत्यांकडे तोंड करून आणि माइकाच्या पुढे ठेवावेत. गावाकडे तोंड केलेले कर्णे उतरवावेत. काकडा टाळ-मृदंगावर, उघड्या गळ्याने करावा. औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा माइक येण्यापूर्वीची आहे. तो रंग काही कर्ण्यांनी आणलेला नव्हे. आणि मशीनवर बसलेल्या पोराला नुसता भाड्याचा माणूस समजू नये. वीणा उभी ठेवणाऱ्याइतकीच त्याचीही सेवा आहे. त्याला माळकऱ्यांच्या पंगतीत बसवावे आणि एकच सांगावे, "बाबा, वाढवायच्या आधी कमी काय करता येतंय ते बघ."

हे सूत्र त्याच्या पेटीपुरते नाही. घरात, भावकीत, फडावर, जेथे जेथे कोणाचा आवाज दबला आहे, तेथे आपलेच बटण थोडे खाली घेऊन पाहावे.

राम कृष्ण हरी.