एमिलीची आठवण आणि सीतेचा युक्तिवाद

डॉन हर्ट्झफेल्ट या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘वर्ल्ड ऑफ टुमॉरो’ हा २०१५ सालचा विज्ञानपट रेखाटनांचा आहे आणि जेमतेम १७ मिनिटांचा. सोलापूरच्या नव्या पेठेत सकाळी दुकान उघडून पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत मोबाइलवर पाहून संपेल, एवढाच. एमिली नावाच्या चिमुरडीला २२७ वर्षांनंतरच्या काळातून तिचीच तिसऱ्या पिढीतली प्रतिकृती भेटते, तिला भविष्य दाखवते आणि अखेरीस तिच्या डोक्यातली, आईबरोबर चालण्याची एक आठवण मिळवून निघून जाते. चित्रपट संपतो आणि वाद सुरू होऊ शकतो. ती आठवण काढून नेली की तिची नुसती नक्कल केली? काढून नेली असेल, तर मोठ्या एमिलीजवळ ती उरणार नाही आणि तिच्यापासून घडलेल्या प्रतिकृतीजवळही नसणार. मग प्रतिकृती विसरली होती म्हणून आली, की ती आली म्हणूनच विसर पडला? अशा वादांना रिकामटेकडेपणा म्हणून हसण्याची रीत आहे. पण त्यांच्या मुळाशी एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे: जे कधी घडलेच नाही, त्याविषयी एक उत्तर बरोबर आणि दुसरे चूक, असे कशाच्या आधारावर म्हणायचे? माझे म्हणणे असे की, हा आधार घटनेत नसतो, तात्पर्यात असतो. आणि ही गोष्ट आपल्याकडच्या भाष्यकारांनी फार पूर्वी ओळखली होती.

कथेतल्या विसंगतीवरचा सर्वांत सोपा तोडगा म्हणजे कल्पभेद. एका ग्रंथात प्रसंग एका प्रकारे, दुसऱ्यात निराळ्या प्रकारे आला, तर पुराणिक सांगतात की ती हकिगत वेगळ्या कल्पातली. आजचा विज्ञानपटाचा चाहता ‘ती दुसरी कालरेषा’ म्हणतो, तेव्हा तो नेमके हेच करतो. या तोडग्याचा सर्वांत चतुर वापर अध्यात्मरामायणात आहे. वनवासाला नेण्यास राम तयार नसताना सीता त्याला विचारते की, पुष्कळ रामायणे ऐकली, पण सीतेवाचून राम वनात गेला असे कुठे आहे का? म्हणजे कथेतले पात्रच इतर आवृत्त्यांचा दाखला देऊन आपला मुद्दा रेटते. लक्षात घेण्यासारखे हे की, अनेक रामायणे मान्य करूनही सीता ‘काहीही चालेल’ असे म्हणत नाही. तपशील बदलले तरी एक गोष्ट बदलता येणार नाही, असा तिचा आग्रह आहे. कल्पभेद नुसता वापरला तर प्रत्येक विसंगती सुटते, आणि म्हणूनच तो काहीच सोडवत नाही. सर्व आवृत्त्यांत काय टिकले पाहिजे, हे ठरवायला दुसरी कसोटी लागते.

दुसरा मार्ग पाठचिकित्सेचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९ खंडांत सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखिते ताडून पाहिली, तेव्हा व्यास सांगतात आणि गणपती लिहितो हा घराघरांत ठाऊक असलेला प्रसंगही मुख्य संहितेबाहेर गेला. विसंगती कशी शिरली, कोणत्या शाखेत शिरली, हे या पद्धतीने कळते. चित्रपटालाही ती लागू पडते. हर्ट्झफेल्टने छोट्या एमिलीसाठी आपल्या चार वर्षांच्या भाचीचा आवाज वापरला. तिच्याकडून संवाद पाठ करून घेतले नाहीत; ती खेळताना, बडबडताना जे बोलली ते ध्वनिमुद्रित करून त्याभोवती प्रसंग रचले. हे ठाऊक झाले की तिच्या प्रत्येक असंबद्ध वाक्यात गुप्त संकेत शोधणाऱ्याचा उत्साह थोडा ओसरतो. मात्र पाठचिकित्सा केवळ उगम सांगते. गणपतीची कथा मागाहून आली, एवढ्याने ती निरर्थक ठरत नाही. आणि मुलीची बडबड योगायोगाने आली, एवढ्याने चित्रपटात तिला अर्थ नाही असे होत नाही. दिग्दर्शकाने ती ठेवली, तेव्हाच ती रचनेचा भाग झाली.

तिसरा मार्ग तात्पर्याचा आणि तोच मला निर्णायक वाटतो. उपनिषदांत सृष्टीच्या उत्पत्तीचे क्रम जुळत नाहीत. तैत्तिरीयात आधी आकाश येते, छांदोग्यात तेजापासून सुरुवात होते. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य सांगतात की, श्रुतीचे तात्पर्य सृष्टीचा तपशील देण्यात नाही, ब्रह्म कळावे यात आहे. म्हणून क्रमातल्या फरकाने बाध येत नाही. एवढे म्हणून ते थांबत मात्र नाहीत. पुढे दुसऱ्या अध्यायात त्या क्रमांची सांगडही घालून दाखवतात. तपशील गौण आहे याचा अर्थ तो टाकाऊ आहे असा नाही. रचनेचा भार ज्या तपशिलावर आहे तिथे चोख सुसंगती हवी. जिथे नाही तिथे फरक सोसता येतो.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा याचे उत्तम उदाहरण. १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली, अशा जगात गंगाधरपंत जाऊन येतात. पुरावा काय, तर तिथल्या बखरीचे खिशात राहिलेले एक पान: आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते, त्या पानावर ती चाटून जाते. पंत त्या जगात काय जेवले, यात घोळ असता तरी कथा तगली असती. पानावरच्या त्या एका ओळीत घोळ असता, तर कथा उरलीच नसती.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येईल: श्रुती आणि व्यंगचित्रपट एका पंक्तीत कसे बसवायचे? तसे बसवण्याचे कारणच नाही. श्रद्धाळू माणूस ग्रंथावर आयुष्य बेततो, प्रेक्षक चित्रपटावर बेतत नाही. प्रामाण्याचा दर्जा वेगळाच आहे. वाचण्याची शिस्त मात्र सारखी असू शकते. किंबहुना श्रद्धेच्या व्यवहारातही हाच विवेक दिसतो. सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. योगी सिद्धरामांनी स्वतः विवाह न करता कुंभारकन्येला आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुमती दिली, अशी ती कथा. बाराव्या शतकात एकदा झालेला विवाह दरवर्षी पुन्हा कसा होतो, असे तिथे कोणी विचारत नाही. पण सात नंदीध्वजांचा क्रम आणि त्यांचे मान यांत ढिलाई चालत नाही. तेच भाविक, तोच सोहळा. काळाच्या विसंगतीला मुभा आणि क्रमाच्या विसंगतीला मज्जाव. यात गोंधळ नाही. विधीचे तात्पर्य कशात आहे, याची ही पक्की जाण आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तात्पर्य ठरवणार कोण? ज्याला जी विसंगती गैरसोयीची, त्याने ती ‘गौण’ म्हणून उडवायची, अशी ही पळवाट होणार नाही का? हा धोका खरा आहे. म्हणूनच परंपरेने तात्पर्य वाचकाच्या मर्जीवर सोडले नाही. उपक्रम आणि उपसंहार जुळतात का, कोणती गोष्ट पुन्हापुन्हा येते, नवे असे काय सांगितले आहे, त्याचे फळ काय, स्तुती कशाची केली आहे, युक्ती कशाला पुष्टी देते, अशा खुणा तिने ठरवून दिल्या. त्या सगळ्या ग्रंथातच दाखवाव्या लागतात. त्यांतल्या लागू पडणाऱ्या खुणा एमिलीच्या कथेला लावून पाहा. प्रत काढता काढता माणूस झिजतो, हे तिथे वारंवार येते. नवी गोष्ट अशी की, अमरत्व मिळालेल्यालाच एका साध्या क्षणाची भूक आहे. आणि शेवट त्याच क्षणापाशी होतो. मग आठवण नेली की नक्कल केली, हा प्रश्न यंत्राच्या तपशिलाचा राहत नाही. नक्कल म्हटले तर प्रतिकृतीने कोणाचेही काही न हिरावता हवे ते मिळवले आणि कथा सौम्य होते. नेली म्हटले तर भविष्याने भूतकाळ लुटला आणि पुढचा सारा विसर त्या लुटीतून आला. त्या प्रश्नावर कथेचा भार आहे, म्हणून तो वाद घालण्याजोगा आहे. प्रतिकृती भविष्यातून कोणत्या यंत्राने आली, हा प्रश्न तसा नाही.

विसंगती शोधणाऱ्या चाहत्याला म्हणून हसू नये. त्याला एकच प्रश्न विचारावा: हा धागा ओढला तर कथेचे काय उसवते? उत्तर देता आले, तर तो भाष्यकारांच्याच वाटेने चालला आहे. देता आले नाही, तर त्याने चूक पकडली असेलही, पण कथा वाचायची अजून राहिली आहे.