हमी कुणाच्या अंगावर?

राज्य मंत्रिमंडळानं 2024च्या ऑगस्टमध्ये लॉजिस्टिक धोरण मंजूर केलं आणि त्यातल्या प्रादेशिक हबच्या यादीत कोल्हापूर-इचलकरंजीचं नाव आलं. जागा 300 एकर. तेव्हापासून आपल्याकडे मालवाहतुकीची म्हणून जी चर्चा होते ती या 300 एकरांभोवतीच घोटाळते. हब कागलकडे व्हावं की हातकणंगल्याकडे, जमीन गायरान की खासगी, श्रेय कुणाचं. उद्योजकांच्या संघटना निवेदन देतात, मंत्री ते स्वीकारतात, दुसऱ्या दिवशी निवेदन देतानाचं छायाचित्र छापून येतं. त्या हबमध्ये कुणाचा माल कुठून येणार, कुठं जाणार, कोणत्या महिन्यात किती येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मांडव पडला, वाजंत्री ठरली, नवरदेवाचा पत्ता नाही.

वास्तविक कोल्हापूरचा माल अदृश्य नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फौंड्र्यांना पिग आयर्न, स्क्रॅप आणि कोक लागतो. सिलिका वाळू कासार्ड्याहून घाट चढून येते. कास्टिंग पुणे, बेंगळुरू, चेन्नईला जातं. इचलकरंजीत सुताची बाचकी येतात आणि कापडाच्या गाठी बाहेर पडतात. गुळाला गुजरात, दुधाच्या टँकरना मुंबई. आणि हंगाम सुरू झाला की या सगळ्याच्या डोक्यावर ऊस. हे सारं एका महामार्गावर, पाच-सहा घाटांत आणि मिरजेकडे जाणाऱ्या एका रेल्वेमार्गावर चाललेलं असतं. महापालिका, 42 गावांचं प्राधिकरण, जिल्हा परिषद, बांधकाम खातं, महामार्ग प्राधिकरण, एमआयडीसी, आरटीओ, बाजार समिती आणि मध्य रेल्वे यांच्यापैकी प्रत्येकाकडे या चित्राचा एकेक तुकडा आहे, आणि प्रत्येकाला आपला तुकडा म्हणजेच चित्र वाटतं.

माहिती नाही, अशी सबब आता चालण्यासारखी नाही. जकात होती तेव्हा नाक्यावरच्या पावत्यांवरून शहरात काय आलं ते निदान कळायचं. जकात गेली, एलबीटी आली आणि तीही गेली. 2018पासून ई-वे बिलावर माल कुठून निघाला, कुठं उतरणार, कोणत्या गाडीतून, सगळं नोंदलं जातं. टोलनाक्यावर फास्टॅग गाडीची वेळ टिपतो. यातलं काहीही रस्त्याचं नियोजन करणाऱ्याच्या टेबलावर येत नाही. कर खात्याला ते चोरी पकडायला हवं असतं, टोलवाल्याला वसुलीला. तेवढ्यावर त्याचं काम संपतं.

या जिल्ह्यात मालवाहतुकीचं सर्वांत बारीक नियोजन कुठं होत असेल तर ते साखर कारखान्याच्या शेती विभागात. लागणीची तारीख, जात, क्षेत्र यांची नोंद असते. त्यावरून तोडणीचा क्रम लागतो. हंगामाच्या कितीतरी आधी वाहनमालकाशी करार होतो, त्याला उचल दिली जाते. फडात गाडी भरली की चिटबॉय स्लिप फाडतो. त्या बोटभर कागदावर शेतकरी, गट, वाहनाचा नंबर, तोडणी टोळी सगळं असतं. काट्यावर वजन झालं की ते त्याच नोंदीला जोडलं जातं. कोणत्या आठवड्यात कोणत्या गावच्या रस्त्यावरून किती टन ऊस जाणार याचा अंदाज कारखान्याला आधीच असतो. तरी बांधकाम खातं त्याच गावचा रस्ता ऐन हंगामात उखडतं, कारण कारखान्याच्या गट ऑफिसात काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यानं विचारलेलंही नसतं. मग दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रात्रीचा महामार्गावर येतो, मागं रिफ्लेक्टरही नसतो, आणि अपघात झाला की आपण चालकाच्या बेफिकिरीवर अग्रलेख लिहितो.

इथं एक लोकप्रिय मत आडवं येतं. जागा द्या, रस्ता द्या, वीज द्या. माल आपोआप येईल. सरकारनं पायाभूत सुविधा उभाराव्यात आणि बाजूला व्हावं. हे मत इतकं सर्वमान्य आहे की त्याला कुणी मत म्हणतच नाही. त्याच्या पुष्ट्यर्थ शाहू महाराजांचं उदाहरण हमखास दिलं जातं. 1891मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे झाली, पुढं 1895मध्ये शाहूपुरी वसली, गुळाची बाजारपेठ उभी राहिली. बघा, सुविधा आली आणि व्यापार आला!

मला हे उदाहरण नेमकं उलट्या बाजूचं वाटतं. रेल्वे संस्थानची होती, तिचा तोटा झाला असता तर तो दरबाराला सोसावा लागला असता. दरबारानं रूळ टाकून माल येण्याची वाट बघितली नाही. पेठ वसवली, व्यापाऱ्यांना तिथं आणलं. ज्यानं मार्ग बांधला त्यानंच मार्गावर माल येण्याची जोखीमही घेतली. आज रूळ एकाचे, बाजार दुसऱ्याचा, गोदाम तिसऱ्याचं आणि जोखीम कुणाचीच नाही. गूळ मार्केट नावाचं रेल्वे स्थानक आजही आहे. गूळ मात्र ट्रकनं जातो.

का जातो, याचं उत्तर सुविधावाद्यांकडे नाही. त्यांना वाटतं, दुहेरीकरण झालं, वैभववाडीचा मार्ग झाला की माल रेल्वेवर जाईल. झाला तर चांगलंच. पण बंद वाघिणींची मालगाडी भरायला सुमारे अडीच हजार टन माल एका ठिकाणी, एका दिवशी, ठरलेल्या तासांत हजर असावा लागतो. उशीर झाला की डेमरेज, म्हणजे दंड. साखरेचंच घ्या: केंद्राच्या महिन्याच्या विक्री कोट्यातून एकट्या कारखान्याला एकाच गावच्या गिऱ्हाइकासाठी एवढी साखर काढणं सहसा जमत नाही. चार कारखान्यांनी मिळून काढली तर जमेल. त्यासाठी चौघांना आधी सांगावं लागेल की अमुक तारखेला माझे इतके टन येतील, नाही आले तर दंड माझा. हे सांगायला कुणी तयार नाही. ट्रकचं भाडं जास्त पडलं तरी चालतं, कारण ट्रकला आदल्या संध्याकाळी फोन करता येतो आणि सकाळी नाही म्हणता येतं. रूळ दुहेरी करा की चौपदरी, या स्वभावात फरक पडणार नाही.

सुविधावाद्यांच्या मताविरुद्धचा आणखी एक पुरावा डोळ्यासमोर आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जागाही होती आणि शेजारी महामार्गही. मोठे उद्योग आले, माल वाढला. पण वाढलेल्या मालाचं वेळापत्रक कुणी कुणाशी जुळवलं नाही. पुण्याला भरून गेलेली गाडी परतीचं भाडं मिळेपर्यंत तिथं हुंडेकऱ्याच्या दारात बसते, आणि तेच दिवस इथं कारखानदार गाडी मिळत नाही म्हणून चिडलेला असतो. उद्या 300 एकरांवर गोदामं बांधली तरी या दोघांची गाठ पडेलच असं नाही. गोदामाला छप्पर असतं, शब्द नसतो.

बाकीच्या मतांवर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. मोबाइल ॲप परतीचं भाडं शोधून देईल म्हणणाऱ्यांनी गाडी तासन्‌तास गेटवर उभी ठेवल्याचे पैसे ॲप देतं का ते विचारावं. दिवसा अवजड वाहनांना शहरबंदी हा ज्यांचा एकमेव उपाय आहे त्यांनी शाहूपुरीतला दुकानदार रात्री दोनला माल कसा उतरवून घेणार ते सांगावं. शक्तिपीठ महामार्गानं कोल्हापूरची मालवाहतूक सुटेल, हे तर त्याचे समर्थकही जोर लावून म्हणत नाहीत.

तर मग शासन आणि उद्योग यांचं सहकार्य म्हणजे काय? अमेरिकेत 2015च्या कायद्यानं केंद्राचा मालवाहतूक निधी हवा असलेल्या राज्यांना त्यासाठी आराखडा करायला लावला; ब्रिटनमध्ये त्याच्या दोन दशकं आधी नगरपालिका आणि वाहतूकदारांच्या भागीदाऱ्या सुरू झाल्या. आपल्याकडे 2022चं राष्ट्रीय धोरणही समन्वयाची भाषा करतं. समित्या नेमणं सोपं असतं. माझा प्रश्न एकच आहे: त्या टेबलावर जी हमी दिली जाते ती देणाऱ्याच्या अंगावर असते की तिथं नसलेल्याच्या? सरकारी-खासगी हा भेद मला दुय्यम वाटतो. स्वतःच्या अंगावर घेतलेली हमी आणि दुसऱ्याच्या अंगावर टाकलेली हमी, हा भेद धरला की बरंच काही स्वच्छ दिसतं.

कोल्हापूरचं टोल आंदोलन घ्या. सुमारे 50 किलोमीटरचे शहरी रस्ते, 220 कोटींचा प्रकल्प, महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी असा तिघांचा करार. सरकार आणि उद्योग यांचं सहकार्य म्हणून त्यात कमतरता नव्हती. तिघं अगदी मिळून होते. फक्त 30 वर्षं टोल भरण्याची हमी चौथ्याच्या नावावर लिहिली होती, आणि तो चौथा करारात नव्हता. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, 2014च्या जानेवारीत टोलनाके पेटले, 2015च्या अखेरीस टोल गेला आणि कंपनीची भरपाई सरकारला करावी लागली. या प्रकरणाला कोल्हापूरचा रांगडेपणा म्हणून हसण्यावारी नेणारे लोक मला अजून भेटतात. त्यांनी करारावर कुणाच्या सह्या होत्या ते पाहावं.

सहकारी क्षेत्रही यातून सुटत नाही, आणि हे लिहिताना जीव थोडा अडखळतो, कारण याच क्षेत्राच्या नियोजनाचं कौतुक वर केलं आहे. कारखाना वाहनमालकाला हमी देतो, ती पाळतोही. पण उसाच्या किमान दरातून, म्हणजे एफआरपीतून, तोडणी-वाहतूक खर्च वजा होतो, तो बहुतेक ठिकाणी सरासरी काढून. म्हणजे झोनबंदी उठल्यावर कारखान्यानं लांबून ऊस आणण्याची चढाओढ करायची आणि त्या लांबच्या भाड्याचा वाटा गेटशेजारच्या शेतकऱ्यानं उचलायचा. लांबून ऊस आणण्याचा निर्णय ज्याचा, खर्च त्याच्या खिशातून जात असता तर दोन कारखान्यांचे ट्रॅक्टर एकमेकांच्या दारावरून उलट्या दिशांना जाताना कमी दिसले असते.

ट्रकवाल्यांनी हा भेद आपल्यापेक्षा आधी ओळखला. माल भरण्या-उतरवण्याची मजुरी, वाराई, गाडीवाल्याकडून घेण्याची जुनी वहिवाट होती. माल व्यापाऱ्याचा, गोदाम व्यापाऱ्याचं, हमाली मात्र गाडीवाल्यानं द्यायची. कोल्हापूरच्या लॉरीमालकांनी त्याविरुद्ध घोषणा दिली: ज्याचा माल त्याचा हमाल. मालवाहतूक धोरणावरच्या कुठल्याही अहवालापेक्षा या चार शब्दांत मला अधिक अर्थ दिसतो. यात हमालाविरुद्ध काही नाही. 1969च्या माथाडी कायद्यानं त्याला मिळालेलं संरक्षण कुणी काढून घेऊ नये. प्रश्न त्याचे पैसे कुणी द्यायचे एवढाच आहे.

2019 आणि 2021च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हाही हेच झालं. ट्रकांच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या. गावकऱ्यांनी चालकांना जेवू घातलं, त्याबद्दल आपण आपली पाठ थोपटली. पण कुजलेल्या भाजीचा तोटा, हुकलेला हप्ता, दिवस मोडले त्याचा पगार, हे सगळं ज्याचं त्यानं सोसलं. तिथं ‘ज्याचं त्यानं’ म्हणजे बहुतेक वेळा सर्वांत लहान माणसानं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर दर काही तासांनी मोजली जाते. 43 फूट ही धोक्याची पातळी जिल्ह्यातल्या पोरासोरांना पाठ आहे. अमुक फुटांना अमुक ठिकाणी जड वाहनं थांबवू, तिथं जागा देऊ, पुण्याच्या आणि बेळगावच्या बाजूला इतके तास आधी कळवू, असं प्रशासनानं लिहून द्यायला काय हरकत होती? 2024मध्ये करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी कित्येक महिने बंद राहिला. काम आवश्यकच होतं. पण अवजड गाड्यांना फोंडा घाटाचा वळसा पडला त्याचं जादा भाडं कुणी सोसायचं, हे कोणत्याही बैठकीत ठरलं नाही. ते प्रत्येक फौंड्रीच्या दारात, मालक आणि गाडीवाला यांच्या घासाघिशीत ठरलं.

उद्योजक यावर म्हणतील, आमच्या मालाचे आकडे आम्ही चव्हाट्यावर का मांडावेत, स्पर्धक बसलेत. शंका खोटी नाही. पण दर आणि गिऱ्हाईक झाकून टन, तारीख आणि दिशा एवढंच सांगता येतं, आणि तेवढंच लागतं. शिवाय कुणाच्या गेटमधून रोज किती गाड्या निघतात ते समोरच्या चहावाल्यालाही ठाऊक असतं.

अधिकारी म्हणतील, आम्हाला हमी देण्याचा अधिकारच नाही, आम्ही प्रयत्न करू. हे उत्तर मला जास्त गंभीर वाटतं, कारण ते बऱ्याच अंशी खरं आहे. घाट बंद करण्याचा अधिकार असलेल्या माणसाला तो उशिरा उघडल्याची भरपाई देण्याचा अधिकार नसतो. मग हब मागण्याऐवजी संघटनांनी हा अधिकार मागावा. आणि तो मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर एका हंगामात, चार कारखान्यांनी, साखरेची एक मालगाडी भरून दाखवावी. कागद एक पानाचा पुरे. कोणत्या तारखेला कुणाचे किती टन येतील, रेल्वे किती वाजता वाघिणी लावेल, पोलीस कोणत्या तासांत गाड्या मालधक्क्यापर्यंत सोडतील. आणि माल कमी पडला तर डेमरेज कोण भरेल, वाघिणी उशिरा लागल्या तर थांबलेल्या ट्रकांचं भाडं कोण देईल, या दोन ओळी आधी लिहाव्यात. सह्या त्यांच्या खाली.