पापाचा वाटेकरी

वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक असते. ज्यांच्या पोटासाठी आपण वाटमारी करतो ती बायकापोरे आपल्या पापाचा वाटा उचलतील काय, हे विचारण्यास नारद त्याला घरी पाठवितो. आणि मिळकतीत आमचा वाटा आहे, पापात नाही, असे उत्तर घेऊन तो परत येतो. त्या उत्तराला कृतघ्नपणाचे म्हणून कोणी नावे ठेविल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ते सर्वांना यथार्थच वाटते. ज्याचे कर्म त्यालाच त्याचे फळ, हा सिद्धांत आपल्या समाजाच्या हाडीमासी खिळलेला आहे. धर्मशास्त्रकारांनी सांगितलेली प्रायश्चित्तेही, मग ती पापाची जाहीर कबुली असो, तप असो की दान असो, ज्याने पाप केले त्यानेच घ्यावयाची असतात. अज्ञान बालकाबद्दल वडीलधाऱ्याने प्रायश्चित्त घ्यावे, असे अपवाद आहेत. पण ते अपवादच.

ख्रिस्ती शास्त्र मराठीत आणणाऱ्यांनी आपल्या धर्मातील मध्यवर्ती कल्पनेसाठी नेमका हाच शब्द उचलला, आणि त्यात अगदी उलट अर्थ भरला. पाप मनुष्याने करावे आणि प्रायश्चित्त ख्रिस्ताने वधस्तंभावर घ्यावे! सुशिक्षित मराठी वाचक या ठिकाणी अडखळतो यात नवल ते काय? तथापि ही अडखळ केवळ हिंदु मनाची आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या कल्पनेची तर्कशुद्ध मांडणी केली. पापाने ईश्वराच्या मानाचा भंग होतो. त्याची भरपाई करण्यास मनुष्य बांधलेला आहे, पण समर्थ नाही. ईश्वर समर्थ आहे, पण बांधलेला नाही. म्हणून जो ईश्वरही आहे आणि मनुष्यही आहे अशानेच ती करावयास हवी. या युक्तिवादाला सरंजामशाहीतील मानापमानाचा वास येतो. पुढे सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी मानाच्या जागी कायदा आणला, आणि भरपाईच्या जागी शिक्षा. परंतु अँसेल्मनंतर फार काळ लोटला नाही तोच, निरपराध्याच्या मरणाने ईश्वर संतुष्ट होतो हे म्हणणे क्रूरपणाचे नव्हे काय, असे अबेलार्डने विचारले होते. सोसिनसने १५९४ साली छापलेल्या पुस्तकात बिनतोड पेच टाकला: ऋण फिटले असेल तर क्षमा कसली? आणि क्षमा केली असेल तर फेडणे कशाला? पैशाचे देणे दुसऱ्याला देता येते, पण नैतिक अपराध हे सर्वांत खाजगी असे देणे असून ते हस्तांतरित होत नाही, असे कान्टने १७९३ साली लिहिले.

आमच्या मते या आक्षेपांना, जोवर आपण न्यायकचेरीच्या दृष्टांतातच वावरत आहो तोवर, उत्तर नाही. इव्हँजेलिकल धर्मोपदेशकांच्या तोंडी एक गोष्ट वारंवार येते. न्यायाधीश आरोपीस दंड ठोठावतो, आणि मग आसनावरून खाली उतरून तो दंड स्वतःच्या खिशातून भरतो. गोष्ट हृदयंगम खरी. पण दंड दुसऱ्याला भरता येतो, फाशी भरता येत नाही. आणि गोष्ट तर फाशीचीच चालली आहे.

पण दृष्टांत फसला म्हणून वस्तूही फसली असे होत नाही. आपल्याच घरातील उदाहरण घेऊ. दोघा भावांची वडिलोपार्जित जमीन एकाने खोटा कागद करून लाटली. दहा वर्षांनी त्याला पश्चात्ताप झाला आणि तो भावाच्या दाराशी आला. काही घडलेच नाही, असे दुसरा भाऊ म्हणेल तर ते असत्य होईल. या दहा वर्षांत त्याच्या मुलाचे शिक्षण राहिले आहे, बायकोच्या अंगावरचा दागिना गेला आहे. जमीन परत घेता येईल, आणि ती घ्यावीही. पण वर्षे परत मिळत नाहीत. 'ये, बस' म्हणून तो भावाला पाटावर घेतो, तेव्हा ती वर्षे कोणी भरून दिलेली नसतात. त्याने ती आपल्या पदरी घेतलेली असतात. दोष एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, हे कान्टचे म्हणणे खरेच. दोषाचे दुखणे मात्र जाते, आणि ते नेहमी ज्याचे काही चुकलेले नाही त्याच्याकडेच जाते. क्षमा करणारा ते दुखणे उलट फेकीत नाही, इतकेच. प्रायश्चित्ताच्या ख्रिस्ती कल्पनेत सत्याचा जो अंश आम्हांस दिसतो तो हा. वाल्याच्या बायकोने दिलेले उत्तर योग्य होते; वाटेकरी शोधण्यास वाल्याच चुकीच्या घरी गेला. त्याच्या पापाचा वाटा ज्यांनी आधीच उचलला होता ते वाटसरू रानात मरून पडले होते.

येथे मात्र नवी अडचण उभी राहते. क्षमा ज्याचे नुकसान झाले त्यानेच करावयाची. त्याच्या वतीने ती कोणालाही करता येत नाही. मग तोच मेला असेल तर? वाल्याला वाल्मीकी होता आले, पण त्या वाटसरूंपैकी एकानेही त्याला क्षमा केली नाही, कारण ती करावयास कोणी उरलेच नव्हते.

पुनरुत्थानाच्या श्रद्धेकडे या बाजूने पाहिले म्हणजे तिचा एक वेगळाच अर्थ ध्यानात येतो. पौलाने करिंथ येथील मंडळीस इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात जे पत्र लिहिले, त्याच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो, की ख्रिस्त उठला नसेल तर तुमची पापे अजून तशीच आहेत. ऋणफेडीच्या उपपत्तीने या विधानाचा उलगडा होत नाही. ऋण मरणाने फिटले असेल तर ते तेथेच फिटले. धनको, ऋणको आणि जामीन यांपैकी कोणी पुन्हा उठण्याचे कारण काय? पण क्षमा करणारा जिवंत हवा, हे ध्यानी घेतले म्हणजे पौलाचे म्हणणे सरळ लागते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, ज्या पेत्राने तीन वेळा ओळख नाकारली त्याला सरोवराच्या काठी तीनच वेळा प्रश्न विचारला जातो, तोही निखाऱ्यांवर भाजलेल्या मासळीची न्याहारी झाल्यावर. पुनरुत्थान इतिहासात घडले काय, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचा निकाल आमच्या लेखणीने लागणार नाही. त्या श्रद्धेला नीतिदृष्ट्या काय साधावयाचे आहे, एवढेच आम्ही पाहात आहो.

क्षमा ही मिळविण्याची वस्तू नसून घेण्याची आहे, हे उमजण्यास किती काळ लागतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला; परंतु त्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्या हाती धर्म होता, ख्रिस्त नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात दिली आहे. अशा बुद्धिमती विदुषीला जे आठ वर्षांनी उमजले ते एका सायंकाळच्या सभेत शेकडोंना उमजल्याचे ऐकिले, की आम्हांस शंका येते. ईश्वराने क्षमा केली, आता शेजाऱ्याचे काय देणे राहिले, अशी सोयीस्कर समजूत त्या घाईतून उत्पन्न होते. शुभवर्तमानांचा कल नेमका याच्या उलट आहे. वेदीवर अर्पण ठेविताना भावाचे गाऱ्हाणे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, असे मत्तयात आहे. आणि जकातदार जक्कय तर लुबाडलेल्याच्या चौपट परत करावयास निघतो.

म्हणून मंडळीच्या जीवनाचा प्रश्न हा सिद्धांताला मागाहून जोडलेला परिशिष्टाचा विषय नव्हे. अन्याय करणारा आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो, असे दोघेही जिवंतपणी जेथे समोरासमोर येतात ती जागा म्हणजे प्रभुभोजनाची पंगत. करिंथमध्ये सुखवस्तू लोक आधी येऊन यथेच्छ खातपीत, आणि मागून येणारे गरीब उपाशी राहात. आपल्या देशात तर त्या पंगतीत जात येऊन बसली. तमिळ प्रांतातील जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वेल्लाळ ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील ख्रिस्ती यांच्या बैठकी वेगळ्या असत, आणि प्रसाद आधी वेल्लाळांना मिळे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली हा भेद तत्काळ बंद करण्याचे फर्मान काढले, तेव्हा तंजावर व मद्रासकडील अनेक वेल्लाळ कुटुंबे मंडळी सोडून गेली. प्रायश्चित्त किंवा पुनरुत्थान या सिद्धांतांविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. बाकाविषयी होती, आणि पेल्याविषयी.

करिंथकरांना पौलाने सांगितलेला उपाय अगदी घरगुती आहे. पुनरुत्थानाचा तो भव्य अध्याय पुढे यावयाचा असतो. त्याआधी चार अध्याय तो एवढेच सांगतो, की जेवावयास जमाल तेव्हा मागून येणाऱ्यांसाठी थांबत जा.