शिंगांचे माप आणि मीपणा

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात एक वृद्ध माउली भेटल्या. कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मोबाइल. नातू अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीस आहे, त्याचा निरोप त्यात आला होता. म्हणाल्या, "बुवा, एवढं वाचा, अन् पोराला काय उत्तर धाडू तेही सांगा."

नातवाने लिहिले होते, "आजी, इथे शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. माझ्या कचेरीतला मित्र धनुष्यबाण घेऊन जातो आणि मलाही बोलावतो. मी माळकरी, बाण मारणार नाही हे ठरलेलेच. पण तो मला विचारतो, तुझ्या धर्माप्रमाणे मी पापी ठरतो का? माणूस सज्जन आहे. मांस गरिबांच्या अन्नछत्राला देतो. मी त्याला काय सांगू?"

सज्जनहो, उत्तर देण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडावा, ही शास्त्राची रीत आहे. ज्याचे म्हणणे आपण ऐकूनच घेतले नाही, त्याचे खंडन ते कसले? म्हणून त्या मित्राची बाजू आधी पाहू.

तिकडचे हे हरीण पांढऱ्या शेपटीचे. भ्याले की शेपटी उभारून निशाणासारखी फडकवीत पळते. बेसुमार शिकारीमुळे १९०० च्या सुमारास त्या देशात ही हरणे पाच लाखांच्या आत उरली होती, असा अंदाज आहे. पुढे कायदे झाले, हंगाम ठरले. १९३७ च्या कायद्याने शिकारी बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे वळवला, आणि १९७२ मध्ये धनुष्यबाणही त्या करात आले. आज ती हरणे तीन कोटींच्या आसपास आहेत. त्यांना खाणारे लांडगे मात्र बहुतेक राज्यांतून माणसाने संपवले. त्यामुळे हरणे शेते खातात, रानातली कोवळी रोपे उरू देत नाहीत, दरसाल दहा लाखांहून अधिक मोटारींवर आदळतात. कोणीतरी ती कमी केली पाहिजेत, असे तो मित्र म्हणतो. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आपल्या घरातही चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही हिंसेची पाच स्थाने शास्त्राने मोजून दिली आहेत. नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात, हे शेतकऱ्याला विचारा. आपले हात निव्वळ कोरडे आहेत असे समजून दुसऱ्याला पापी म्हणू नये.

आता उत्तरपक्ष. हरणांची संख्या कमी करायची तर माद्या कमी कराव्या लागतात, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. हे तिथल्या वनखात्यालाही ठाऊक आहे. पण हा मित्र मचाणावर दिवसचे दिवस बसतो तो मादीसाठी नव्हे. मादी खालून गेली तरी तो हलत नाही. लहान शिंगांचा नर आला, त्यालाही जाऊ देतो. त्याला हवा असतो पाच-सहा वर्षांचा, मोठ्या शिंगांचा नर. ही शिंगे मोजण्याचे शास्त्र आहे बरे का! शिंगे साठ दिवस वाळू द्यायची, मग प्रत्येक फाट्याची लांबी, बुंध्याचा घेर आणि दोन शिंगांमधले अंतर यांची बेरीज करायची. डावे-उजवे सारखे नसेल तर वजाबाकी. १९६१ साली स्थापन झालेली एक संस्था बाणाने मारलेल्या नरांची नोंदवही ठेवते. साध्या ठेवणीची शिंगे १२५ इंच भरली तर नाव त्या वहीत चढते आणि मुंडके भिंतीवर.

असा नर सहजी सापडत नाही, कारण सावध राहिला म्हणूनच तो एवढा वाढला. पण कार्तिक महिन्याच्या सुमारास तो माजावर येतो. मग त्याचे खाणेपिणे सुटते, भान सुटते, मादीच्या मागे तो दिवसाढवळ्या उघड्यावर येतो. शिकारी दोन शिंगे एकमेकांवर खडखडवून झुंजीचा आवाज काढतो, मादीचा वास पसरवतो. नर वीस-तीस पावलांवर येतो आणि बाण सुटतो. बाणाने मरण येते ते रक्त वाहून. म्हणून शिकारी अर्धा तास, कधी अधिक थांबतो, मग रक्ताच्या थेंबांमागून जातो. काही हरणे सापडतच नाहीत.

हे वाचताना मला आदिपर्वातील पांडुराजा आठवला. त्यानेही माजावरच्या मृगावर पाच बाण सोडले. तो मृग म्हणजे किंदम ऋषी. राजाने आपली बाजू मांडली, मृगया हा राजांचा धर्मच आहे, अगस्तींनीही मृग मारले. ऋषीचे उत्तर मोठे सूक्ष्म आहे. तो म्हणतो, तू मृग मारलास याचा दोष मी तुला देत नाही, पण ज्या वेळी प्राणी स्वतःला विसरलेला असतो ती वेळ तू टाळायला हवी होतीस. पाहा, मरणारा स्वतःच मारण्याचा दोष बाजूला ठेवतो आणि निर्दयपणावर बोट ठेवतो. उपाशी माणसाला वेळ निवडता येत नाही. ज्याला निवडता येते आणि जो नेमकी हीच निवडतो, त्याला किंदमाचा प्रश्न लागू होतो.

याहून मोठे नवल पुढेच आहे. या हरणांची शिंगे आपल्याकडील सांबर-चितळांप्रमाणे दरसाल गळतात. ज्या शिंगांसाठी बाण सुटला, ती तो नर दोन-चार महिन्यांत आपणहून बर्फावर टाकून जाणार होता! वसंतात रानात हिंडून ती वेचणारे लोक तिकडेही आहेत. मग भिंतीवर टांगायचे ते काय? शिंगे तर फुकट मिळत होती. "मी मारला" एवढा शब्द तेवढा फुकट मिळत नव्हता. त्या एका "मी"साठी जीव गेला.

इथे मी माउलींना वाचून दाखवता दाखवता थांबलो. माझ्या घरातली भिंत डोळ्यांपुढे आली. चाळीस वर्षांच्या कीर्तनांत मिळालेली मानपत्रे तिच्यावर ओळीने टांगली आहेत, आणि पाहुणा आला की माझी नजर आधी तिकडे जाते. आपणही म्हणतो, माझ्या पंचवीस वाऱ्या झाल्या, त्याच्या दहाच. हेही इंचच की! आपल्या मोजण्यात जीव जात नाही, हा भेद मोठा आहे, तो मी पुसत नाही. पण रोग तोच आहे, म्हणून रोग्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. सजन कसायाच्या दुकानात जो देव उभा राहिला, तो त्या मचाणाखालीही उभा राहील.

माउलींना मी उत्तर सांगितले ते असे, "पोराला लिहा, मित्राला पापी म्हणू नकोस. त्याला एवढेच विचार, गड्या, नोंदवही नसती, भिंत नसती आणि कोणाला सांगायचे नसते, तर याच नराला याच दिवशी मारले असतेस का? उत्तर त्याचे त्यालाच देऊ दे. आणि वसंतात त्याच्याबरोबर रानात जा, गळलेली शिंगे वेचायला."

माउली हसल्या. म्हणाल्या, "अन् बुवा, तुमच्या भिंतीचं काय?"

घरी परतल्यावर मानपत्रे उतरवून ट्रंकेत ठेवली. भिंतीवर खिळे अजून आहेत. तेही निघतील, पांडुरंगाची इच्छा असेल तेव्हा.

राम कृष्ण हरि.