गरजेने पाडलेली वाट

साताऱ्यावरून जाणारा 48 क्रमांकाचा महामार्ग थेट दिल्लीला पोचतो. पुढे मनाली, मग लेह. लडाखला गाडी काढणाऱ्याला वाटतं, आपण अनोळखी मुलखात निघालोय. मुलूख अनोळखी खरा. वाट मात्र आपल्याच माणसांच्या पायाखालची आहे.

विटा, खानापूर, आटपाडी. या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. पाऊस नव्हता म्हणून गेली. उत्तरेतल्या एखाद्या सराफ बाजारात मराठी बोलणारा गलाईवाला भेटला, तर गाव विचारून पाहा. पोटासाठी गेलेल्याने प्रवासवर्णन लिहिलं नाही, म्हणून त्याचा प्रवास लहान ठरत नाही.

दुसरी वाट फौजेची. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्याच्या जंगलात धारातीर्थी पडले. आपण ज्याला निर्जन म्हणतो, तिथे कुणाच्या तरी घरचं माणूस पहाऱ्यावर असतं.

हौसेची वाट गरजेने पाडलेली असते.

मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पेट्रोल पंपावरची पाटी पिढ्यान्‌पिढ्या रायडरांच्या तोंडी आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. आपल्याला नेमकं किती लागतं, हे टाकी भरताना पहिल्यांदा कळतं.

बर्फाच्या पाण्याचा ओढा सकाळी घोट्याएवढा, दुपारी गुडघाभर. पहिल्या गिअरवर घालायची गाडी. क्लच दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, चाकाखालच्या गोट्यांकडे बघायचं नाही. नजर पलीकडच्या काठावर. मध्ये बंद पडली तर सायलेन्सरमध्ये पाणी शिरतं आणि सोबत्यांना बुटांसकट उतरावं लागतं. पलीकडे दगडावर बसून मोजे पिळताना फुशारक्या मारणाराही गप्प असतो.

पुढे टांगलांग ला खिंड, 5,328 मीटर. हवा खालच्यापेक्षा जेमतेम निम्मी. तिथे इंजिनलाही धाप लागते. बळकट कोण, अशक्त कोण, हा भेद त्या उंचीवर फारसा टिकत नाही. धीराचा कोण आणि घाईचा कोण, एवढंच दिसतं.

या रस्त्यांवर डांबराच्या धुरात, तोंडाला फडकं बांधून खडी पसरणारी पुष्कळ माणसं झारखंडच्या दुमक्याकडची असतात. विट्याची माणसं ज्या कारणाने गेली, त्याच कारणाने तीही इथवर आली. त्यांच्याजवळून जाताना गाडी हळू घ्या. चाकाची धूळ त्यांच्या तोंडावर जाते.