चैत्री एकादशी आणि मतदान

सन २०२४ साली चैत्री एकादशी १९ एप्रिलला आली. त्याच दिवशी लोकसभेच्या निवडणुकीचे नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर या पाच मतदारसंघांत मतदान होते. पंढरीस जावे तर मत बुडते, गावी राहावे तर वारी चुकते. असा पेच पुन्हाही पडेल, म्हणून वारकरी बंधुभगिनींपुढे आम्ही त्याचा विचार मांडीत आहो.

पूर्वपक्ष असा की, माळकऱ्याला राजकारणाशी काय कर्तव्य? देवगिरीचे यादव गेले, बहामनी आले आणि गेले, वारी चालूच आहे. एका मताने काय होते?

हा पूर्वपक्ष दिसायला विरक्तीचा, पण त्याच्या पोटात आळस आहे! वाळवंटात पाणी नसले, पालखीच्या वाटेवर दवाखाना नसला, की आपल्याला सरकार बरोबर आठवते. मागायला संसारी आणि द्यायला विरक्त, हे कसले वैराग्य?

शास्त्रात कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले आहेत. संध्या रोजची, म्हणून नित्य. ग्रहणाचे स्नान नैमित्तिक. निमित्त आले की ते केलेच पाहिजे, दुसऱ्या दिवशी कितीही बुचकळ्या मारा, उपयोग नाही. मतदान या दुसऱ्या जातीचे आहे. शिवाय बाप थकला तर वारी मुलगा चालवतो, पण बापाचे मत मुलाला देता येत नाही. काही सैनिकांना प्रतिनिधी नेमता येतो, तेवढा अपवाद. यात्रेकरूला पंढरपुरातून आपल्या गावचे मत टाकण्याची सोय नाही.

मग करावे काय? पुंडलिकाकडे पाहावे. देव दारी आला तरी त्याने आईबापांची हातची सेवा सोडली नाही. वीट फेकली, आणि देव तिच्यावर उभा राहिला. जो पुंडलिकासाठी थांबला, तो गडचिरोलीच्या माळकऱ्यासाठी पुढल्या एकादशीपर्यंत थांबणार नाही काय? उपवास घरी करावा, सकाळीच मत द्यावे, असे आमचे मत. ज्याची चैत्री वारी पिढीजात आहे, त्याचे मन मात्र आम्ही दुखवणार नाही. कायद्यानेही मतदानाची सक्ती केलेली नाही.

पण पेच पडायला आधी यादीत नाव हवे ना! १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. का? तर त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच लिहविले. यांतल्या पुष्कळ जणी उत्तरेकडच्या होत्या. आमची जनाबाई सातशे वर्षांमागे अभंगात स्वतःचे नाव घालीत होती, हे आयाबहिणींनी ध्यानात ठेवावे. नामाचे माहात्म्य इथेही आहेच.

वयाची १८ वर्षे पुरी झालेल्याने नमुना ६ चा अर्ज भरावा. तो निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो, नाहीतर गावच्या मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे द्यावा. बहुधा तो शाळेतला गुरुजी किंवा अंगणवाडीची ताईच असते. वय मोजायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. २०२२ पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात. घर बदलले असेल तर नमुना ८. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीपुरते नवे नाव चढत नाही, तेव्हा घाई आधी करावी. आळंदीला शिकायला राहिलेल्या मुलांनी गावी आणि आळंदीला अशी दोन ठिकाणी नावे ठेवू नयेत. तो गुन्हा आहे. वारीला महिनाभर गेल्याने मात्र गावचे नाव जात नाही.

खिशात ओळखपत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नये. ओळखपत्र हरवले तर आधार किंवा पासपोर्ट दाखवून चालते, यादीतले नाव नसेल तर काहीच चालत नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल तर मुकाट्याने परत फिरू नये. केंद्राध्यक्षाला ओळख पटवावी, तो कागदी मतपत्रिका देतो. यंत्रावर बटण दाबले की शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. ती नीट पाहावी. कोणीच पसंत नसेल तर २०१३ पासून ‘नोटा’चे बटणही आहे.

एवढे सांगितले की लोक हटकून विचारतात, ‘बुवा, मग द्यायचं कुणाला, ते पण सांगा की!’ उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी धर्माच्या, जातीच्या नावाने मत मागितले तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ते भ्रष्ट आचरण ठरते. पण कायदा नसता तरी नारदाच्या गादीवरून आम्ही ते नाव घेतले नसते. त्या गादीवर एकच नाव घ्यायचे असते.